खोकताना कपडा ओला होतो? लाजू नका, चारचौघी एकत्र या



कांद्यावर करपा आला, कपाशीवर मावा पडला किंवा गाय दुधाला कमी आली, की आपण लगेच सल्ला विचारता. रोगट पान पदरात बांधून आणून दाखवता. पण स्वतःच्या शरीराची एक तक्रार अशी आहे, की ती आपण नवऱ्याला सांगत नाही, जावेला सांगत नाही आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसूनही सांगत नाही. खोकला किंवा शिंक आली, जोराने हसू आले, भरलेली कळशी उचलली, की थोडी लघवी सुटते व कपडा ओला होतो. काही जणींना लघवीची अशी घाई होते, की संडासापर्यंत पोचेतो धीर निघत नाही. आजचा लेख या तक्रारीविषयी आहे.

शेतीच्या कामानिमित्त नेवासे तालुक्यातील गावोगावच्या बचत गटांच्या बैठकांना मी जात असते. तेथे काही जणी नेहमी दाराजवळ बसतात. एस.टी.ने कोठे जायचे असेल तर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. श्रावणात झिम्मा-फुगडीचा फेर सुरू झाला की बाजूला होतात. कामिका एकादशीला नेवाशाला ज्ञानेश्वर मंदिरात पायी येणे सोडून देतात. विचारले तर सांगतात, "गुडघे दुखतात." अनेकींचे गुडघे खरोखरच दुखतात. पण काही जणींचे खरे कारण वेगळे असते, आणि ते ओठांवर येत नाही.

आता कोणी म्हणेल, शेतीखात्यातल्या बाईने हा विषय कशाला काढावा? त्याचे कारण सरळ आहे. या दुखण्यावरचा पहिला उपाय औषधाच्या दुकानात नाही. तो आपल्या परसबागेत आहे, स्वयंपाकघरात आहे आणि चारचौघींनी मिळून करायच्या व्यायामात आहे.

हे दुखणे होते कशाने?

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी व शौचाचा मार्ग या तिन्हींना ही झोळी खालून आधार देते. लघवीची वाट आवळून धरण्याचे कामही तीच करते. चारीचे दार नीट बसलेले असेल तर पाणी थेंबभर गळत नाही. दार ढिले झाले, की पाण्याचा दाब वाढताच फटीतून पाणी निघते. येथेही तसेच घडते.

ही झोळी बाळंतपणात ताणली जाते. पाळी गेल्यानंतर स्नायूंचा कस कमी होतो. जुनाट खोकला, कायमचा मलावरोध, रोजची जड ओझी यांनी तिच्यावर पुन्हा पुन्हा दाब पडतो. आणि पोटावर चरबी वाढली, की तो भार चोवीस तास या झोळीवर राहतो. वैरणीचा भारा आपण बांधावर टाकून मोकळ्या होतो. पोटावरचा भारा मात्र झोपेतही उतरत नाही.

खोकताना, हसताना, ओझे उचलताना लघवी सुटणे हा एक प्रकार. एकाएकी घाई होऊन सुटणे हा दुसरा. यात लघवीची पिशवी वेळेआधीच आकसू लागते. पुष्कळ जणींना दोन्ही प्रकार थोडेथोडे असतात. यातला कोणताही प्रकार म्हणजे पाप नव्हे, घाणेरडेपणा नव्हे आणि "वय झाले, आता चालायचेच" असेही नव्हे.

आपण एकट्या नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आढळले. म्हणजे चौघींत जवळजवळ एक. हा शहरापुरता प्रश्न राहिलेला नाही. मुळेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, गिरणी आली, गॅस आला, नळ दारात आला. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण जात्याबरोबर आणि विहिरीच्या फेऱ्यांबरोबर रोजची हालचालही गेली आणि ताटातले अन्न मात्र तेवढेच राहिले, उलट त्यात साखर व तेल वाढले.

स्त्रिया दुखणे किती दडवतात, हे गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी जगाला दाखवून दिले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली व १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता आजार होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ती तपासणी केवळ लघवीच्या तक्रारीची नव्हती. पण "बाईचे दुखणे बाईच्या पोटात" ही रीत किती महाग पडते ते त्यातून कळते.

उपाय लागू पडतो का?

पीक प्रात्यक्षिक पाहिल्याशिवाय आपण नवे बियाणे घेत नाही. तसा येथेही पुरावा पाहू.

अमेरिकेत ३३८ वजनदार स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने सहा महिने बैठका घेऊन आहार व व्यायाम सांभाळला. त्यांचे वजन सरासरी ८ टक्क्यांनी उतरले व आठवड्यात लघवी सुटण्याच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली होती. त्यांच्यात ही घट २८ टक्के होती. त्या स्त्रिया आपल्यापेक्षा बऱ्याच वजनदार होत्या हे खरे, पण झोळीवरचा भार उतरला की गळती कमी होते, हे तत्त्व तेच आहे.

कॅनडात साठीच्या पुढच्या ३६२ स्त्रियांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींना हा व्यायाम एकेकटीला शिकवला, काहींना आठ-आठ जणींच्या गटात. बारा आठवड्यांच्या शिकवणीनंतर वर्षाने पाहिले, तर दोन्हींकडे लघवी सुटणे साधारण ७० टक्क्यांनी कमी झालेले होते. गटात शिकलेल्या कोठेही मागे पडल्या नाहीत. बांगलादेशाच्या खेड्यांतही ६० ते ७५ वयाच्या स्त्रियांनी एकत्र जमून असाच व्यायाम केला व त्यांना गुण आला. तो अहवाल २०१९ चा आहे. म्हणजे हा उपाय खेड्यातही चालतो.

आणि खेड्यातील बाई आरोग्याचे काम अंगावर घेऊ शकते, याचा दाखला तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातील साध्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका तयार केल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या बायकांना जमले, ते नेवाशाच्या बायकांना का जमू नये?

झोळीचा व्यायाम

अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी हा व्यायाम १९४८ साली प्रसिद्ध केला. पैसा लागत नाही, साधन लागत नाही. मात्र योग्य स्नायू ओळखता आला पाहिजे.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. चारचौघांत बसलेले असताना वायू सरू नये म्हणून आपण जे आवळतो, ते आवळा. त्याच वेळी लघवी अडवल्यासारखे पुढूनही आवळा. आतून वर ओढल्यासारखे वाटले पाहिजे. मांड्या, कुल्ले व पोट ढिले असू द्या. श्वास रोखू नका. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

१. आवळून पाच आकडे मोजा, मग पूर्ण ढिले सोडून पाच मोजा. असे आठ ते दहा वेळा करा. सुरुवातीला तीनच आकडे जमले तरी चालेल. हळूहळू दहापर्यंत न्या.

२. त्यानंतर चटकन आवळा, चटकन सोडा. असे दहा वेळा.

३. हे दिवसातून तीनदा करा. पुढे बसून, उभ्याने, भाकरी थापतानाही करता येते. शेजारी बसलेलीलाही कळत नाही.

४. खोकला, शिंक येण्याआधी, कळशी, भारा किंवा कांद्याची पाटी उचलण्याआधी झोळी आवळून घ्या. ओझे उचलताना गुडघ्यात वाका व श्वास बाहेर सोडा.

लघवी करताना मधेच धार अडवण्याचा सराव करू नका. त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आवळताना खाली जोर देत असाल तर तेही उलट आहे. जोर वर गेला पाहिजे.

गुण यायला निदान तीन महिने लागतात. पेरल्यावर आठ दिवसांत कणीस मागू नये. पुढेही व्यायाम सोडून दिला तर स्नायू पुन्हा ढिले पडतात.

"आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असे भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण खुरपणीत पाठ वाकते, हात चालतात, तळाचा स्नायू मात्र आपणहून आवळला जात नाही. ओझ्याने तर तो ताणलाच जातो. राबणे आणि शरीर कसणे यांत हा फरक आहे.

गट कसा चालवावा?

नवा गट काढण्याची गरज नाही. बचत गट आहे, महिला मंडळ आहे, भजनी मंडळ आहे. त्यातील आठ-दहा जणी पुरेत. शाळेची किंवा समाजमंदिराची खोली घ्या. दार लावता आले पाहिजे आणि जवळ संडास हवा. वेळ आपली आपण ठरवा. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास.

पहिल्या दिवशी गावच्या आशाताईंना व उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला बोलवा. उंची, वजन व कमरेचा घेर मोजून घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५३ किलोच्या पुढे गेले की ते जादा, ५८ च्या पुढे गेले की लठ्ठपणा समजावा. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. ज्यांचे वजन मुळात कमी आहे त्यांनी ते उतरवू नये, फक्त झोळीचा व्यायाम करावा. प्रत्येकीचे आकडे तिच्याच वहीत राहू द्या, मोठ्याने वाचू नका. घरच्या कॅलेंडरवर तीन दिवस, लघवी सुटली की एक रेघ ओढा. महिन्याने पुन्हा तीन दिवस ओढा. गुण आला की नाही ते रेघाच सांगतील.

बैठकीचा क्रम असा ठेवा. आधी दहा मिनिटे जागच्या जागी किंवा गोल फिरत चालणे. मग हात-खांद्यांचे व्यायाम. ओट्यावरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचलणे, दहा वेळा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर हळू वर उचलणे, आठ वेळा. त्यानंतर झोळीचा व्यायाम. शेवटी लुटुपुटीचा खोकला काढून, त्याआधी आवळण्याचा सराव. यावर हशा पिकतो. पिकू द्या. हसतानाही आवळता आले, की व्यायाम साधला. उड्या व फुगडी पहिले दोन महिने नको. झोळी सावरली की हळूहळू सुरू करा.

याखेरीज आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालावे. पाच दिवस अर्धा अर्धा तास झाला की हिशेब पुरा होतो.

आणि एक नियम सर्वांत मोठा समजा. खोलीत बोललेले खोलीत राहील. हा नियम मोडला तर गट मोडला.

ताटात काय असावे?

उपाशी राहून वजन उतरवू नका. महिन्याला एक ते दोन किलो उतरले तरी पुष्कळ. ७० किलोच्या बाईचे साडेतीन किलो उतरले तरी झोळीवरचा भार हलका होतो.

प्रथम चहाचा हिशेब करा. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. घरी, शेतात, पाहुण्यांबरोबर मिळून सहा कप झाले तर दिवसाला ६० ग्रॅम. महिन्याला एका बाईच्या पोटात एक किलो ८०० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत असावी. गूळ घातला म्हणून हिशेब फारसा बदलत नाही. चहा दोन कपांवर आणा. त्याने लघवीची घाईही कमी होते, कारण चहा लघवीच्या पिशवीला चाळवतो.

तेल माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पुरते. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन ते साडेतीन किलो. कढईत डब्यातून ओतू नका, पळीने मोजून घाला. चहाबरोबरची खारी-टोस्ट, फरसाण, वडापाव कमी करा. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, दही व फळ घ्या.

ताटाचा अर्धा भाग भाजीचा असावा. मेथी, तांदुळजा, चाकवत, शेवग्याचा पाला, दोडका, गवार, मुळा, काकडी. दारामागे एक गुंठाभर परसबाग असली, तर हे विकत घ्यावे लागत नाही. पाव भागात मटकी, मूग, हरभरा, हुलगा यांची उसळ किंवा वरण, जमल्यास अंडे. उरलेल्या पाव भागात ज्वारी-बाजरीची भाकरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली धनशक्ती ही बाजरी लोहाने अधिक सकस आहे. घरच्यासाठी चार ओळी तिच्या असू द्या. मात्र भाकरी सकस असली तरी ती मोजूनच खावी. शेजारी वाटीभर ताक घ्यावे. भाजी-कडधान्याने पोटही साफ राहते. शौचाला जोर द्यावा लागला नाही, की झोळीवरचा दाब वाचतो.

आणखी एक सवय पाहा. बाई सर्वांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही खाते. अन्नाचा मान राखलाच पाहिजे. पण उरलेली भाकरी शेळीला, कोंबड्यांना घालता येते. आपले पोट म्हणजे उरल्यासुरल्याची कणगी नव्हे. शक्य तर सर्वांबरोबर, दिवे लागल्यावर लवकर जेवून घ्या.

पाणी तोडू नका

लघवी सुटते म्हणून पाणी पिणे बंद करणे ही मोठी चूक आहे. लघवी घट्ट होते, पिशवी चाळवते, जळजळ सुरू होते, मलावरोध होतो. दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. उन्हात काम असेल तर जास्त लागेल. फक्त झोपण्याआधी दोन तास कमी करा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

घाई होणाऱ्या भगिनींनी वेळ बांधून घ्यावी. सध्या तासाला जावे लागत असेल तर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे वाढवा. घाई आली की धावू नका. बसा, झोळी चार-पाच वेळा आवळा, लाट ओसरली की शांतपणे जा. सहा आठवडे हा नेम पाळून पाहा.

दोन पिशव्यांचा घोळ नको

आपण लघवीच्या पिशवीलाही पिशवी म्हणतो व गर्भाशयालाही पिशवीच. या घोळात काही जणी "पिशवी खराब आहे, काढून टाका" या सल्ल्याला मान देतात. गर्भपिशवी काढणे हा लघवी सुटण्यावरचा उपाय नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या प्रकाराची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. त्यांची दुखणी निरनिराळी होती. पण धडा सर्वांसाठी एकच. शस्त्रक्रिया सुचवली तर कशासाठी, हे विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्या.

पुढील लक्षणे असतील तर मात्र व्यायामावर विसंबून राहू नका, डॉक्टरांकडे जा. लघवीतून रक्त जाणे, जळजळ व ताप येणे, अंग बाहेर येणे, पाळी गेल्यावर रक्त जाणे, बाळंतपणानंतर लघवी सतत ठिबकत राहणे, लघवी तुंबणे, पायांत बधिरपणा येणे. पुन्हा पुन्हा तहान व लघवी लागत असेल तर रक्तातील साखर तपासा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलण्याआधी विचारून घ्या. गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनीही आधी विचारावे. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही गुण आला नाही, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. त्यापुढेही औषधे व उपचार आहेत.

घरातील मंडळींसाठी

हा लेख घरातील पुरुषांनीही वाचावा. बाईला आठवड्यातून दोनदा पाऊण तास हवा आहे. तेवढ्या वेळात गोठा कोणी पाहायचा, चूल कोणी पेटवायची, हे आधी ठरवा. शेताच्या कडेला आडोसा नसेल तर तो करा. तिने दिवसभर लघवी तुंबवून खुरपावे, ही अपेक्षा बरी नव्हे. सासूबाईंनी सुनेला नावे ठेवण्यापेक्षा तिच्याबरोबर गटात जावे. बहुधा दोघींची तक्रार एकच निघेल.

भगिनींनो, सर्वांत अवघड काम व्यायामाचे नाही की ताटाचेही नाही. अवघड आहे ते पहिले वाक्य. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, की एकीने एवढेच म्हणावे, "मला खोकताना त्रास होतो, तुमच्यापैकी आणखी कोणाला होतो का?" आणि मग थोडा वेळ गप्प बसावे. उत्तर आलेच तर त्याच दिवशी वार व वेळ ठरवून टाका.